सोशल मीडिया मत फिरवतं की मतदान? फीड, फॉरवर्ड आणि निवडणूक यांच्यातली यंत्रणा

दीपमाळ (धागालेखक)

निकाल लागला की हरलेली बाजू म्हणते सोशल मीडियाने घात केला, जिंकलेली बाजू म्हणते जनतेने कौल दिला. पुढच्या वेळी बाजू बदलतात आणि वाक्यंही बदलतात. या भांडणात मूळ प्रश्न मागे पडतो. फोनवरची पोस्ट आणि मतपेटी यांच्यामध्ये कोणकोणते दुवे आहेत, आणि त्यातला कुठला दुवा खरोखर भार घेतो? हा धागा त्यासाठी काढतोय. पक्षांची नावं इथे नकोत, यंत्रणेबद्दल बोलू.

माझं म्हणणं आधीच मांडतो. पक्कं मत असलेला माणूस एक पोस्ट वाचून दुसऱ्या बाजूला गेला, याला पुरावा तोकडा आहे. मतदानाला कोण बाहेर पडतं, चर्चेत कुठला विषय टिकतो आणि पुढारी कुठल्या भाषेत बोलायला लागतात, या तीन ठिकाणी मात्र परिणाम मोजता आला आहे.

पहिल्याचं उदाहरण. २ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत संसदेची निवडणूक होती. त्या दिवशी फेसबुकने ६ कोटी १० लाख प्रौढ वापरकर्त्यांवर एक प्रयोग केला. बहुतेकांच्या फीडवर सगळ्यात वर एक पट्टी दिसत होती: आज मतदान आहे, तुमचं केंद्र इथे शोधा, 'मी मतदान केलं' हे बटण, आणि खाली तुमच्याच मित्रांपैकी ज्यांनी ते दाबलं त्यांचे जास्तीत जास्त सहा चेहरे. सुमारे एक टक्का लोकांना तीच पट्टी चेहऱ्यांशिवाय दाखवली. आणखी एक टक्क्यांना काहीच दाखवलं नाही. मग मतदानाच्या सरकारी नोंदींशी ताळा घेतला. चेहरे नसलेल्या पट्टीचा मतदानावर परिणाम शून्य. चेहरे असलेल्या पट्टीने मतदानाची शक्यता ०.३९ टक्क्यांनी वाढली. आकडा चिमूटभर दिसतो, पण संशोधकांचा अंदाज असा की थेट ६० हजार आणि मित्रांच्या साखळीतून आणखी २ लाख ८० हजार मतं जास्त पडली. २०१२ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं.

मजकूर तोच, बटण तेच. फरक फक्त ओळखीच्या चेहऱ्यांचा. आता हीच पट्टी कुणी निवडक भागातच दाखवली तर? बाहेरच्या कुणाला कळायला मार्ग नाही. मला काळजी वाटते ती या ठिकाणी.

काजवा

चांगला विषय. 'मत फिरवण्या'च्या बाबतीत दोन प्रकरणांचा गवगवा झाला. दोन्हीचे तपशील जरा नीट पाहू.

केंब्रिज ॲनालिटिका, म्हणजे निवडणूक प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणारी ब्रिटिश कंपनी. व्यक्तिमत्त्व चाचणीचं एक ॲप होतं, ते सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं. त्यावरून माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. कशी? तेव्हाच्या फेसबुकच्या नियमांप्रमाणे ॲपला परवानगी देणारा माणूस स्वतःबरोबर आपल्या मित्रयादीचीही माहिती देऊन टाकत असे. मित्रांना कुणी विचारलंच नव्हतं. हे दार २०१४ मध्ये नव्या ॲपना बंद झालं, जुन्यांना एप्रिल २०१५ अखेर. प्रकरण फुटलं मार्च २०१८ मध्ये. गोपनीयतेचा भंग निर्विवाद होता, २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड केला. पण 'मनं वाचून मतं फिरवली' हा कंपनीचा स्वतःचा जाहिरातीतला दावा होता. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी तपासाअंती २०२० मध्ये कळवलं की कंपनीच्या पद्धती बऱ्याचशा बाजारात सर्रास मिळणाऱ्याच होत्या.

दुसरं, सेंट पीटर्सबर्गची 'इंटरनेट रिसर्च एजन्सी', म्हणजे २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीआधी बनावट खाती आणि पानं चालवणारी रशियन कंपनी. फेसबुकने अमेरिकी संसदेला सांगितलं की त्यांच्या सुमारे ८० हजार पोस्टी दोन वर्षांत १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोचल्या असाव्यात. मथळ्यात हा आकडा आला. पण ट्विटरवरच्या त्यांच्या खात्यांचा जो अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात दिसलं की एकूण दर्शनांपैकी (पोस्ट जितक्या वेळा पडद्यावर आली त्यांपैकी) ७० टक्के दर्शनं फक्त १ टक्का लोकांच्या वाट्याला आली होती, आणि तेही आधीच त्या बाजूला झुकलेले. मतांमध्ये मोजण्याजोगा बदल सापडला नाही.

तरीही या एजन्सीचं एक काम मला मतबदलापेक्षा भयंकर वाटतं. २१ मे २०१६ रोजी ह्यूस्टनमध्ये एका इस्लामी केंद्राबाहेर दोन मोर्चे समोरासमोर उभे राहिले. एक 'हार्ट ऑफ टेक्सास' पानाने बोलावलेला, दुसरा 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' पानाने. दोन्ही पानं याच एजन्सीची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं खरी, राग खरा, आणि जाहिरातींचा खर्च सुमारे २०० डॉलर.

ओसरी

काजवा, +१. 'पोचलं' आणि 'पटलं' यातला फरक सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवा. फीडमधून अर्धा सेकंद सरकून गेलेली पोस्टही 'पोचली'च धरतात.

पाणवठा

धागालेखकाचा तिसरा मुद्दा, पुढाऱ्यांची भाषा. यावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात खोल परिणाम माझ्या मते इथे आहे.

फीडमध्ये वर काय येणार हे गुणांवर ठरतं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने क्रम लावण्याची पद्धत बदलली. 'आपल्या माणसांशी अर्थपूर्ण संवाद' वाढावा हा जाहीर हेतू. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांत त्याचं कोष्टक दिसलं. लाइकला १ गुण. रागावलेला, हसरा वगैरे चेहरा किंवा मजकुराशिवाय शेअर याला ५. सविस्तर कमेंटला थेट ३०. आता उमेदवाराच्या जागी बसून विचार करा. 'अमुक गावची पाणीयोजना पूर्ण झाली' या पोस्टला ४०० लाइक पडतात आणि बारा कमेंटी, म्हणजे साधारण ७६०. विरोधकाला टोचून बोलणाऱ्या पोस्टवर १०० लाइक, पण दोन्हीकडचे लोक भांडत ९० सविस्तर कमेंटी लिहितात: २८००. भांडण पाणीयोजनेच्या साडेतीन पट वर. (पोस्टींचे आकडे समजावण्यासाठी घेतलेत. प्रत्यक्षात नात्याची जवळीक, पोस्टचं वय असे आणखी घटक असतात.)

पक्षांची माणसं हे गणित न शिकताच ओळखतात, कारण रोज सकाळी रीचचे आकडे समोर असतात. फेसबुकच्याच एप्रिल २०१९ च्या अंतर्गत अहवालात पोलंडमधल्या एका पक्षाच्या सोशल मीडिया चमूचं म्हणणं नोंदलेलं आहे: पूर्वी सकारात्मक-नकारात्मक पोस्टी निम्म्या-निम्म्या असत, बदलानंतर ८० टक्के नकारात्मक कराव्या लागल्या. मतदाराचं मत फिरलं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मतदारापुढे काय वाढलं जातंय ते तर बदललंच ना?

शब्दांच्या पातळीवरही हे दिसतं. २०१७ मध्ये साडेपाच लाखांहून जास्त ट्विटांचा एक अभ्यास झाला. नैतिक आणि भावनिक धार असलेला प्रत्येक जादा शब्द (लाज, विश्वासघात, पाप अशा जातीचा) ट्विट पुढे जाण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी वाढवत होता. मात्र ते ट्विट फिरत होतं आपल्याच कळपात. पलीकडच्या बाजूला जवळजवळ जातच नव्हतं.

आणि हे भार कायमचे नसतात. रागाच्या चेहऱ्याचं वजन २०१७ मध्ये लाइकच्या पाचपट होतं, सप्टेंबर २०२० मध्ये शून्य केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये इन्स्टाग्राम आणि थ्रेड्सने अनोळखी खात्यांचा राजकीय मजकूर सुचवणं थांबवलं, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू केलं. एका कंपनीच्या बैठकीत खटका दाबला जातो आणि अनेक देशांतल्या सार्वजनिक चर्चेचा सूर बदलतो. यावर कुठल्या सभागृहात मतदान झालं?

तळटीप

पाणवठा, मांडणी आवडली, पण फीडच्या क्रमाला दोष देताना एक अडचण आहे. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर हजारो स्वयंसेवकांचं फीड तीन महिने साध्या वेळेच्या क्रमाने लावलं. जे ताजं ते वर. निकाल २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आले. लोक तिथे कमी वेळ थांबले. शिवराळ मजकूर फेसबुकवर कमी दिसला. पण राजकीय मजकूर आणि बेभरवशाच्या स्रोतांचा मजकूर वाढला! आणि ध्रुवीकरण? मोजण्याजोगा फरक नाही. दुसऱ्या प्रयोगात शेअर केलेल्या पोस्टी काढून टाकल्या. तिथे लोकांचं बातम्यांचं ज्ञानच कमी झालं, मतं तशीच राहिली.

तेव्हा 'अल्गोरिदम काढा, लोकशाही वाचेल' हे उत्तर चालत नाही.

दीपमाळ

तळटीप, अगदी योग्य हरकत. दोन गोष्टी जोडतो. एक, त्या काळात फेसबुकने निवडणुकीसाठी तात्पुरते आणीबाणीचे उपाय लावले होते, त्यामुळे तुलनेसाठी घेतलेलं 'नेहमीचं' फीडही तितकंसं नेहमीचं नव्हतं. २०२४ मध्ये 'सायन्स'मध्येच हा आक्षेप नोंदवला गेला. दोन, प्रयोगात एकेका माणसाचं फीड बदललं. त्याच्या आजूबाजूचे पत्रकार, पुढारी, शेजारी जुन्याच फीडवर होते. पाणवठा सांगताहेत तो परिणाम पुरवठ्याच्या बाजूचा आहे. एका माणसाचं फीड बदलून पुढारी बोलायची पद्धत बदलत नाहीत.

सुगरण_पक्षी

इथे सगळं फेसबुक-ट्विटर चाललंय. व्हॉट्सॲपच्या गप्पांत फीड नाही, क्रम नाही, जाहिरात नाही. तिथल्या ढकलपत्रांचं गणित वेगळं आहे.

गटाची मर्यादा बराच काळ २५६ होती (आता १,०२४). जुलै २०१८ पूर्वी एक संदेश एका दमात अडीचशेच्या आसपास ठिकाणी ढकलता येई. २५० गट गुणिले २५६ माणसं, म्हणजे एका माणसाच्या एका कृतीत ६४ हजार फोन. जुलै २०१८ मध्ये भारतात ही मर्यादा ५ वर आणली, इतरत्र २० वर. जानेवारी २०१९ पासून जगभर ५. तेव्हा पहिल्या उडीत जास्तीत जास्त १,२८०. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक अट आली: जो संदेश पाच किंवा जास्त हातांतून आलाय, त्यावर दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे असे संदेश त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले.

यात गळती कुठे आहे? मोजणी संदेशाबरोबर चालते, मजकुराबरोबर नाही. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, व्हिडिओ गॅलरीत उतरवून पुन्हा चढवला किंवा स्क्रीनशॉट घेतला, की बाण गायब आणि मोजणी शून्यापासून. प्रचाराचे जाणते लोक नेमकं हेच करतात. मूळ फाइल वाटतात, फॉरवर्ड नाही. म्हणून बाण दिसला तर सावध व्हा, पण बाण नाही म्हणजे ताजा, पहिल्या हातचा संदेश असं समजू नका.

शिवाय संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असल्याने आत काय फिरतंय हे कंपनीलाही वाचता येत नाही. फक्त एखाद्याने तक्रार केली की त्या गप्पांतले शेवटचे काही संदेश तपासणीला जातात. कुलूप काढा म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की त्याच कुलपाने पत्रकार आणि विरोधकही वाचतात.

नवा_चष्मा

प्रश्न: मतदानाच्या आदल्या दिवशी एखादी क्लिप आली, तर सामान्य माणसाने हातातल्या फोनवर काय तपासायचं? पायऱ्या सांगाल का?

काजवा

सांगतो. व्हिडिओपासून सुरुवात करू, ते तुलनेने सोपं.

आधी क्लिप थांबवत थांबवत तीन-चार चित्रं स्क्रीनशॉटने घ्या. सुरुवातीचं एक, दृश्य बदलतं तिथलं एक, आणि पाटी, वाहन, गणवेश असं काही ठळक दिसतं ते एक. मग वर चिकटवलेली अक्षरं, चॅनलच्या पट्ट्या, इमोजी हे सगळं कापून टाका. ही पायरी लोक गाळतात आणि मग काही सापडत नाही, कारण शोधयंत्र त्या अक्षरांनाच पकडून बसतं. आता चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर टाका, नाही मिळालं तर यांडेक्स किंवा टिनआयवर. टिनआयमध्ये सर्वांत जुनं आधी असा क्रम लावता येतो, तो लावा. संगणक असेल तर 'इनव्हिड-वीव्हेरिफाय' हे ब्राउझरचं फुकट अवजार व्हिडिओची चित्रं आपोआप कापून देतं. काहीच जुळत नसेल तर चित्र आरशासारखं उलटवून पुन्हा शोधा. क्लिप उलटवणं ही ओळख लपवायची जुनी युक्ती आहे, पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर तेच झालंय.

खोट्या क्लिपांत खूपशा मुळात खऱ्याच असतात. फक्त दुसऱ्या वर्षाच्या, दुसऱ्या देशाच्या किंवा मधूनच कापलेल्या. म्हणून 'ही बनावट आहे का' याआधी 'ही कधीची, कुठली, आणि आधी-नंतर काय आहे' हे विचारा. भाषण असेल तर त्यातले सलग पाच-सहा शब्द अवतरणात टाकून पूर्ण भाषण शोधा. 'मी असं म्हणणार नाही की' एवढंच कापलेलं असतं.

मजकुराची बातमी असेल तर त्या पानावर डोळे रोखून बसू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना तीच संकेतस्थळं दिली होती. अभ्यासक आणि विद्यार्थी पानाचा लोगो, मांडणी, 'आमच्याविषयी' वाचत राहिले आणि फसले. तपासनीस काही सेकंदांतच पान सोडून नव्या टॅबमध्ये 'हे कोण आहेत' हे इतरत्र शोधू लागले. सवय ही लावायची.

ऑडिओ मात्र अवघड. आवाजावरून असा शोध घेता येत नाही. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या मतदानाआधी दोन दिवस एक ध्वनिफीत फिरली. त्यात एका पक्षाचा प्रमुख आणि एक पत्रकार मतं विकत घेण्याबद्दल बोलताहेत असं ऐकू येत होतं. दोघांनी लगेच इन्कार केला, तपासनिसांना ती कृत्रिम असल्याच्या खुणा दिसल्या. पण तिथे मतदानाआधी ४८ तास प्रचारबंदी असते, म्हणजे खुलासा पसरवणंही अवघड. वर, फेसबुकचा तेव्हाचा नियम फेरफार केलेल्या 'व्हिडिओ'बद्दल होता, नुसता आवाज त्यात बसत नव्हता. त्या फितीने निकाल बदलला असं म्हणायला आधार नाही. पण वेळ किती अचूक साधली होती ते बघा.

तेव्हा ऑडिओसाठी: पहिल्यांदा कुणी टाकलं ते शोधा. रेकॉर्डिंग कुणी, कुठे केलं हे कुणी नाव लावून सांगतंय का बघा. आवाज नैसर्गिक वाटतो की नाही यावर निर्णय घेऊ नका, कानाला आता ते ओळखता येत नाही. आणि मतदानाच्या ४८ तास आधी आलेली, अनाम, धक्कादायक फीत असेल तर पुढे ढकलू नका. बस्स.

ओसरी

वाचनखूण साठवली. 'अक्षरं कापून टाका' ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

पाणवठा

बनावट खात्यांबद्दलही गैरसमज बरेच आहेत, म्हणून थोडं.

एखाद्या हॅशटॅगवर दिवसाला ५० च्या वर ट्विट म्हणजे यांत्रिक खातं, अशी फूटपट्टी ऑक्सफर्डच्या एका संशोधन गटाने वापरली होती. तिच्यावर रास्त टीका झाली, कारण सभेच्या दिवशी उत्साही कार्यकर्ताही सहज ५० पार करतो. एका खुणेवर शिक्का मारू नका, चार एकत्र दिसल्या तर संशय घ्या. खाती त्याच आठवड्यात उघडलेली. मजकूर शब्दशः तोच, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पोस्टी त्याच मिनिटांच्या पट्ट्यात. आणि जुनी पानं उलटली तर आधी वेगळीच भाषा किंवा वेगळाच विषय, मग मोठी शांतता, मग एकदम राजकारण. शेवटची खूण विकत घेतलेल्या खात्याची असते.

शब्दशः तोच मजकूर मात्र खरी माणसंही टाकतात. पक्षाकडून तयार ट्विटांची फाइल येते, कार्यकर्ते एकेक उचलतात. ती संघटित मोहीम आहे, यंत्र नव्हे. दोन्हीला 'बॉट' म्हटलं की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं.

खोटी बातमी पसरवण्यात यंत्रापेक्षा आपला हात मोठा आहे, हेही मोजून झालंय. २०१८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १ लाख २६ हजार बातमी-साखळ्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ. यांत्रिक खाती वगळून पुन्हा हिशेब केला, निष्कर्ष तोच.

संघटित लाटेचं ताजं उदाहरण रोमानिया. २४ नोव्हेंबर २०२४, राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी. चाचण्यांत मागे असलेले कॅलिन जॉर्जेस्कू सुमारे २३ टक्के मतं घेऊन पहिले आले. प्रचारखर्च जाहीर केला होता शून्य. सरकारने खुल्या केलेल्या गुप्तचर कागदांत टिकटॉकवरच्या २५ हजार खात्यांचा उल्लेख होता, मतदानाआधीच्या दोन आठवड्यांत एकदम जागी झालेली. ६ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. मे २०२५ मध्ये नव्याने झाली.

तळटीप

आणि तो निर्णयही निर्विवाद नव्हता. लाखो खऱ्या मतदारांनी दिलेली मतं, मोजणीत गडबड नसताना, रद्द झाली. खाती बनावट होती म्हणून मतदार बनावट ठरत नाही. धागालेखकाच्या पहिल्या परिच्छेदातला प्रश्न तिथे न्यायालयापुढे उभा राहिला: पोस्ट आणि मत यांतला दुवा सिद्ध कसा करायचा? निवडणुकीनंतर तो सिद्ध करत बसण्यापेक्षा आधीच खर्च आणि पोच उघडी ठेवायला लावणं स्वस्त पडतं.

सुगरण_पक्षी

खर्च उघडा ठेवण्याबद्दल: मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) जाहिरात-सूची (Ad Library) खाते नसतानाही बघता येते, पण लोक ती चुकीची वाचतात. देश निवडायचा, मग प्रकार 'निवडणूक आणि राजकारण', मग पानाचं नाव. चालू आणि बंद दोन्ही जाहिराती दाखवा असं सांगायचं, नाहीतर निम्मा इतिहास दिसत नाही. राजकीय जाहिराती तिथे सात वर्षं ठेवतात.

प्रत्येक जाहिरातीवर तीन गोष्टी बघा. पैसे कोणी भरले ती ओळ. खर्च आणि दर्शनं, दोन्ही पट्ट्यांत दिलेली असतात, नेमका आकडा नसतो. म्हणून बेरीज करताना खालच्या टोकाची एक आणि वरच्या टोकाची एक अशा दोन बेरजा करा, मधला आकडा ठोकून देऊ नका. आणि वय, लिंग, प्रदेश यांचं कोष्टक. एकाच पक्षाच्या दोन जाहिराती शेजारी ठेवल्या की दिसतं, तरुणांना काय सांगताहेत आणि वयस्कांना काय. जाहीर सभेत हे दोन सूर एका तोंडून काढता येत नाहीत, म्हणून हे कोष्टक मोलाचं.

सूचीत काय येत नाही? जाहिरात 'राजकीय' म्हणून नोंदवलीच नाही तर ती त्या प्रकारात दिसत नाही. प्रभावकांना हातात दिलेले पैसे दिसत नाहीत. पक्षाशी संबंध न सांगणारी मीमची पानं नुसत्या पक्षाच्या नावाने शोधून सापडत नाहीत, म्हणून घोषणेचे शब्द टाकूनही शोधा.

युरोपीय संघाने राजकीय जाहिरातींचा वेगळा कायदा केला, ऑक्टोबर २०२५ पासून लागू. पैसे कोणाचे, लक्ष्य कोण, सगळं सांगणं बंधनकारक. गूगल आणि मेटा यांनी ते पाळण्याऐवजी तिथे राजकीय जाहिराती घेणंच बंद केलं. यात लहान, नव्या उमेदवारांचं नुकसान जास्त होईल असं मला वाटतं, ज्यांची पानं आधीच मोठी आहेत त्यांना फुकट पोच मिळत राहते.

दीपमाळ

भाषेचा मुद्दा राहतोय, आणि इंग्रजीबाहेरच्या सगळ्यांना तो लागू आहे. म्यानमारमध्ये लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होतं. रॉयटर्सच्या वृत्तानुसार २०१५ च्या सुरुवातीला फेसबुककडे बर्मी मजकूर तपासणारी माणसं होती दोन. शिवाय तिथे बहुतेक फोनांवर 'झॉजी' नावाची फॉन्ट-पद्धत होती. ती युनिकोड नाही. अक्षर पडद्यावर तेच दिसतं, आत संकेत वेगळा. त्यामुळे द्वेषाचे शब्द हुडकणारी यंत्रणा एका पद्धतीवर शिकवली की दुसरीतला तोच शब्द तिच्या हातून निसटायचा. रोहिंग्यांविरुद्धचं विष वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने स्वतः मान्य केलं की हिंसा भडकवण्यासाठी आपला वापर होऊ नये म्हणून पुरेसं केलं नाही. हे वाचताना मन सुन्न होतं, कारण चूक तांत्रिक आणि सुधारण्याजोगी होती.

काजवा

सरकारच्या हातात सगळं बंद करायचा खटका देणं हाही उपाय नव्हे. युगांडात जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकने सरकारी मंत्रालयाशी जोडलेल्या बनावट खात्यांचं जाळं काढलं. सरकारने उत्तरादाखल फेसबुक अडवलं आणि १४ जानेवारीच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी देशभर इंटरनेटच तोडलं. केंद्रांवरून निकाल कळवणारे निरीक्षकही त्यात आंधळे झाले.

युरोपचा डिजिटल सेवा कायदा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. तो 'अमुक पोस्ट काढा' यावर भर देत नाही. ज्यांचे युरोपीय संघात महिन्याला ४ कोटी ५० लाखांहून जास्त वापरकर्ते आहेत त्यांनी आपल्यामुळे निवडणुकांना कोणते धोके आहेत हे दरवर्षी तपासायचं, बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून पडताळून घ्यायचं, जाहिरात-सूची ठेवायची, संशोधकांना विदा (डेटा) द्यायचा. चुकलं तर जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला (पूर्वीचं ट्विटर) १२ कोटी युरोंचा दंड झाला तो खात्यांवरची निळी खूण फसवी असणं, जाहिरात-सूची नीट नसणं आणि संशोधकांना विदा न देणं यासाठी. संशोधकांना विदा देण्याचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये क्राउडटँगल हे आपलं अवजार बंद केलं, तेव्हा काय व्हायरल होतंय हे बाहेरून बघायची मोठी खिडकी बंद झाली.

नवा_चष्मा

सगळ्यांचे आभार. भांडणाला गुण मिळतात तसे सहमतीला गुण देणारी रचना कुणी केली आहे का?

पाणवठा

केली आहे. तैवानमध्ये २०१५ मध्ये उबरच्या नियमांवर सार्वजनिक चर्चा 'पोलिस' (Pol.is, खात्यातले पोलीस नव्हेत) नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर घेतली. रचना अशी: कुणीही एक छोटं विधान टाकायचं. बाकीच्यांनी सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच. उत्तर द्यायचं बटणच नाही, त्यामुळे शिवीगाळीला जागाच उरत नाही. मतांच्या सारखेपणावरून यंत्र लोकांचे गट पाडतं आणि पडद्यावर दाखवतं. ज्या विधानाला सगळ्या गटांतून होकार मिळतो ते वर येतं, त्यामुळे वर यायचं तर पलीकडच्यांनाही पटेल असं लिहावं लागतं. विमा आणि चालकाची नोंदणी अशा मुद्द्यांवर टॅक्सीवाले आणि उबरवाले दोघांचं जमलं.

एक्सवरच्या 'कम्युनिटी नोट्स'चं तत्त्व याच्या जवळचं आहे. एरवी परस्परविरुद्ध मत देणारे लोक एकाच टिपेला उपयुक्त म्हणतात तेव्हाच ती सर्वांना दिसते. अडचण वेळेची. जिथे भांडण तीव्र, तिथे असं एकमत होतच नाही, आणि लिहिलेल्या बहुसंख्य टिपा कधीच दिसत नाहीत. दिसतात तेव्हाही पोस्टचा जोर अनेकदा ओसरलेला असतो.

सुगरण_पक्षी

गट चालवणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट, दुरुस्ती कशी टाकायची. खोटी क्लिप जशीच्या तशी पुन्हा टाकून खाली 'हे खोटं आहे' लिहू नका. पुढच्या माणसाकडे क्लिप जाते, ओळ गळते. स्क्रीनशॉट घ्या, चित्रावरच मधोमध आडवा, कापता येणार नाही असा मोठा शिक्का मारा. मजकुराची सुरुवात खऱ्या गोष्टीने करा: 'हा व्हिडिओ २०१९ चा आणि दुसऱ्या देशातला आहे.' मग एका वाक्यात खोटा दावा काय होता ते, मग पुन्हा खरं काय आणि ते कुठे तपासता येईल. पाठवणाऱ्याला गटात सर्वांसमोर सुनावू नका, आधी त्यालाच खासगीत सांगा आणि संदेश त्याच्या हातानेच काढायला लावा. ॲडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो, पण ती सोय शेवटी वापरावी. माणूस दुखावला की तोच संदेश दुसऱ्या तीन गटांत जातो, आणि तिथे तुम्ही नसता.